सासूबाईंची गोष्ट सांगून आगळ विकावं का?

आगळवेगळी
कुडाळजवळ आमचा घरगुती धंदा आहे. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं, कुळथाचं पीठ. दोन वर्षं ‘शुद्ध, नैसर्गिक, घरगुती’ असं लिहून विकलं, खप बेताचाच. या मे महिन्यात सासूबाईंवर लिहिलं. रातांबे (कोकमाची फळं) फोडून त्यांची बोटं जांभळी होतात. सोलांना रसाची पुटं देताना त्यांचं अर्धं लक्ष आभाळाकडे असतं, कारण वळवाची एक सर आली की खळ्यात वाळत घातलेला माल बुरसतो. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांचा सगळा माल असा गेला आणि सासऱ्यांनी महिनाभर अबोला धरला, तेही लिहिलं. सोबत त्यांचा फोटो. पंधरवड्यात तीनशे बाटल्या संपल्या. मग नणंदेचा फोन, “आईचं दुःख बाटलीत भरून विकतेस का?” मला यात गैर वाटत नाही. तुमचं मत?

तराजू
गैर आहे. अबोल्याने आगळाची चव बदलत नाही.
गेल्या वर्षी एका बागायतदाराचं असंच वाचून हापूसच्या दोन पेट्या मागवल्या. आजोबांनी लावलेली कलमं, वादळात उन्मळलेली झाडं. वाचताना डोळे भरून आले. आंबे बाहेरून पिवळेधमक, आत पांढरे आणि आंबट. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘आमच्या कष्टांचा अपमान करू नका.’ पैसे माझे गेले आणि वाईटही मीच! गोष्ट वाचली की गिऱ्हाइकाचा पाहुणा होतो, आणि पाहुण्याने जेवणाला नावं ठेवायची नसतात. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आधी त्याची नोंदणी दाखवा, आजोबा नंतर.

जुना_अंक
हे खूळ आजचं नाही. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. कारखान्याचं पत्रक म्हणून निघालेलं ते पुढे घरोघरी वाचलं जाणारं मासिक झालं, १९३० मध्ये त्याला ‘स्त्री’ हे भावंडही मिळालं. मालापलीकडचं वाचायला देणं म्हणजे फसवणूक नव्हे.

तराजू
तो नांगर मुळात चालत होता, दादा. लोखंडाने जमीन बिघडते म्हणून शेतकरी आधी त्याला हात लावत नव्हते. ती समजूत कोणाच्या आजीच्या आठवणींनी गेली नाही.

मीठभाकर
लिज्जतची गोष्ट विसरलात? १९५९ मध्ये गिरगावात सात बायका ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. ही गोष्ट ऐकणाऱ्याला कळतं की पैसा लाटणाऱ्या बाईच्या हातात जातो. ती भावना नाही, माहिती आहे.

शब्दगडी
पोटासाठी मी हेच लिहितो, म्हणून स्पष्ट सांगतो. महिन्याला चार आज्या तयार करतो. सगळ्या पहाटे उठतात, सगळ्यांच्या हाताला चव, कंटाळा एकीलाही येत नाही. (माझी खरी आजी आठ वाजता उठायची आणि भाजी खारट करायची.) मसाल्यात भेसळ निघाली तर कायदा आहे. खोट्या दाव्याच्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दहा लाखांपर्यंत दंडही होऊ शकतो. पण आजी खोटी निघाली तर तक्रार कोण करणार?
तुमचं खरं होतं म्हणून चाललं. प्रश्न पुढच्या मे महिन्याचा आहे. तोच अबोला दुसऱ्यांदा विकला जात नाही. मग माणूस घरात नवीन दुःख शोधायला लागतो. नवऱ्याचं आजारपण, मुलीची फी. मी हे होताना पाहिलंय, दोन गिऱ्हाइकांच्या बाबतीत.

आगळवेगळी
अबोल्याचं मान्य, तो गाळता आला असता. पण पुटांचं, वळवाचं सांगायचं नाही, तर दुकानातल्या लाल सरबताशेजारी माझी महाग बाटली का उचलावी हे डोंबिवलीतल्या माणसाला कळणार कसं? बुरसलेला माल हीच माझ्या किमतीची फोड आहे.

तराजू
फोडच असेल तर ठीक. मग एक बाटली खराब निघाली तर पैसे परत, हे त्याच गोष्टीखाली लिहा. आहे तयारी?

आगळवेगळी
लिहिते.

माहेरची_बाजू
इतके सगळे बोललात. सासूबाईंना कोणी विचारलं का?

आगळवेगळी
नव्हतं विचारलं. काल वाचून दाखवलं. अबोल्यावर हसल्या, म्हणाल्या, महिना नाय, आठ दिस. फोटोवर मात्र चिडल्या, “माझो फोटो कित्याक घातलंस, केस पण विंचरूक नव्हते!” फोटो काढून टाकलाय. आणि आगळातल्या मिठाचं प्रमाण मी चुकीचं लिहिलं होतं, तेही त्यांनी दुरुस्त करून दिलं.