वॉर्डात पोस्टिंगवर शिकायला आलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी चुकीची घटना कळवायची की गप्प बसायचं?

रात्रपाळी: 'विद्यार्थ्यांनी आधी नीट बेड करायला शिकावं, मग इन्सिडन्ट रिपोर्ट (चूक किंवा धोका दिसल्याची लेखी नोंद) भरावेत,' असं काल एका इन्चार्ज सिस्टरनी लिहिलं आणि त्यावर टाळ्या पडल्या. राग अजून गेलेला नाही. पेशंटच्या मनगटावरचा नावाचा पट्टा वाचून चार्टशी ताडून बघणारं माणूस वॉर्डात बऱ्याचदा विद्यार्थीच असतं. इन्शुलिनच्या ऑर्डरीत युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' अक्षर घाईत लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं, ४ चे ४० होतात. ज्याच्या लक्षात येईल त्याने कळवावं. तो कुठल्या वर्षाला आहे याच्याशी पेशंटला काय देणंघेणं?

इन्चार्ज सिस्टर: ते वाक्य माझं, आणि तुम्ही अर्धंच उचललंत. पुढे लिहिलं होतं, 'आधी मला सांगा.' पोस्टिंग संपली की मुलं निघून जातात, चौकशीला मी उभी राहते. एका मुलीने चुकीचा डोस दिल्याचा रिपोर्ट परस्पर टाकला. डॉक्टरांनी डोस राउंडला तोंडी बदलला होता, हे तिला ठाऊकच नव्हतं. माझ्या स्टाफला लेखी खुलासे द्यावे लागले.

तिसरं वर्ष: मॅडम, तोंडी बदललेला डोस चार्टवर चढलाच नाही, हीच तर घटना झाली! तिने बरोबरच कळवलं. आणि 'आधी मला सांगा' म्हणता, पण आमच्या प्रोसीजर बुकवर सही तुमची, इंटर्नलचे मार्क तुमच्या शेऱ्यावर. माझ्या मैत्रिणीने पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवलेल्या दाखवल्या. पाणी समजून पोटॅशियम पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. 'तू तुझं काम कर' एवढंच उत्तर मिळालं, आणि शेऱ्यात 'उद्धट' लिहून आलं.

ट्यूटर: मुलांची भीती खरी आहे. अमेरिकेतली नर्स राडोंडा वॉट आठवा. २०१७ मध्ये तिच्या हातून मिडॅझोलम या गुंगीच्या औषधाऐवजी व्हेक्युरोनियम हे स्नायू लुळे करणारं औषध दिलं गेलं, पेशंट दगावला, २०२२ मध्ये ती फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरली. त्या दिवशी तिच्यासोबत एक नवीन नर्स शिकायला होती. त्या नवीन मुलीने यातून काय धडा घेतला असेल?

इन्चार्ज सिस्टर: तिची बाजू घेऊ नका, सर. मिडॅझोलम द्रव असतं, व्हेक्युरोनियम पावडर. पाणी घालून विरघळवताना तरी थांबायला हवं होतं. टोपणावर इशारा छापलेला होता. लेबल न वाचणं ही व्यवस्थेची चूक नाही.

रात्रपाळी: पण तिथे औषध ताडून बघणारा बारकोड स्कॅनर नव्हता, ही व्यवस्थेचीच चूक. आणि तिने स्वतः लगेच सांगितलं होतं! सरकारी तपासयंत्रणेला मात्र २०१८ मध्ये निनावी तक्रारीवरून कळलं. सांगणारी कोर्टात उभी राहिली. तुम्ही लेबलावर अडून बसलात.

इन्चार्ज सिस्टर: अडणारच. रात्रीच्या वॉर्डात लेबल वाचणारे डोळेच शेवटचा आधार असतात. तुम्ही रात्रपाळी करता, तुम्हाला हे सांगावं लागावं?

ट्यूटर: वॉटचा खटला बाजूला ठेवू, मीच काढला. मूळ मुद्दा असा की मार्क देणाऱ्याच्या हातून रिपोर्ट जाऊ नये. अमेरिकेत वैमानिकांसाठी १९७६ पासून अशी सोय आहे. त्यांचे रिपोर्ट नासाकडे जातात, लायसन्सवर कारवाई करणाऱ्या विमान प्रशासनाकडे नाही. म्हणून लोक लिहितात. विद्यार्थ्यांचा फॉर्म कॉलेज आणि हॉस्पिटलच्या सेफ्टी कमिटीकडे थेट जावा.

इन्चार्ज सिस्टर: आणि माझ्या वॉर्डात काय घडलं ते मला सगळ्यांत शेवटी कळणार? पोटॅशियम कपाटात वेगळं ठेवायचं तर ते मलाच करायचंय, कमिटी येऊन करणार नाही. नाव गाळून एक प्रत त्याच दिवशी मला मिळणार असेल तर ठीक, थेट जाऊ दे.

तिसरं वर्ष: प्रत द्यायला हरकत नाही. मग शेरा कॉलेजच्या ट्यूटरनी लिहावा.

इन्चार्ज सिस्टर: नाही. दिवसभर मुलांसोबत मी असते, शेरा मीच लिहिणार.