गॅरेजमधून आल्यावर गाडीचे ॲव्हरेज घटले, तर हिशेब कोणी द्यायचा?

दूरपल्ला
सर्व्हिसिंगला देण्यापूर्वीच्या सलग आठ टाक्यांमध्ये माझी पेट्रोल गाडी लिटरमागे सरासरी १७.२ किलोमीटर देत होती. त्यातली सर्वांत वाईट टाकी १६.६ ची आणि सर्वांत चांगली १७.९ ची होती. गॅरेजमध्ये इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली, मागचे ड्रम ब्रेक उघडून साफ केले आणि सैल झालेला हँडब्रेक आवळून दिला. त्यानंतरच्या तीन टाक्या मिळून १५४३ किलोमीटरला १०५ लिटर पेट्रोल लागले, म्हणजे लिटरमागे १४.७. रस्ता तोच, चालवणारा मीच, जाण्यायेण्याच्या वेळाही त्याच. विचारायला गेलो तेव्हा "थोडी चालू द्या, आपोआप सेट होईल" एवढेच उत्तर मिळाले.

माझे म्हणणे असे की, जी गाडी तुमच्याकडे येईपर्यंत ठीक चालत होती ती तुमच्या हातून बाहेर पडताच जास्त पेट्रोल पिऊ लागली, तर ती पुन्हा तपासून आपल्या कामात दोष नाही हे दाखवून देण्याची जबाबदारी गॅरेजचीच आहे, आणि त्यासाठी वेगळे पैसे आकारणे योग्य नाही. सर्व्हिसिंगनंतर ॲव्हरेज वाढावे अशी अपेक्षा असते. इथे तर उलटेच झाले आहे.

मोजूनमापून
कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्याने मोडली असे ठरत नाही. लोक गाडी गॅरेजमध्ये नेतात ती बहुधा ऋतू बदलताना किंवा लांबच्या प्रवासाच्या आगेमागे, म्हणजे नेमक्या अशा वेळी की जेव्हा एसीचा वापर, हवेचे तापमान आणि रस्त्यांचा प्रकार हे सगळे एकदम बदलत असते. शिवाय मोठे बिल भरून आलेला माणूस पुढचे काही दिवस पेट्रोलचा काटा एरवीपेक्षा जरा जास्तच बारकाईने पाहतो.

सर्व्हिसिंगने ॲव्हरेज वाढते ही समजूतही बरीचशी कार्बोरेटरच्या काळातली आहे. अमेरिकेतील ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत असे आढळले की, इंधन इंजेक्शन असलेल्या आधुनिक पेट्रोल गाडीत एअर फिल्टर तुंबला तरी इंधनाच्या खपात लक्षणीय फरक पडत नाही. गाडीचा उठाव तेवढा मंदावतो. त्यामुळे नवा फिल्टर घातला म्हणून वाढ दिसेल हे गृहीतच चुकीचे आहे.

तुमच्या मोजणीबद्दलही दोन प्रश्न आहेत. टाकी भरताना नोझल कधी लवकर बंद होतो, कधी उशिरा, आणि त्यात लिटर-दोन लिटरचा फरक सहज पडतो. दुसरे असे की, त्याच सुमारास गाडीत आणखी काही बदलले होते का?

दूरपल्ला
नोझलचा मुद्दा एका टाकीपुरता बरोबर आहे, तीन टाक्यांना तो लागू होत नाही. टाकी ते टाकी मोजताना मधल्या चुका एकमेकींत जिरतात. उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्यातली तफावत. ती दोन लिटर धरली तरी १०५ लिटरवर दोन टक्केही होत नाही, म्हणजे खरा आकडा १४.४ ते १५ च्या दरम्यान कुठेतरी असणार. ऋतू म्हणाल, तर आधीच्या आठ टाक्यांत उन्हाळाही होता आणि थंडीही होती, तरी आकडा १६.६ च्या खाली गेला नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला अडचणीत आणणारे आहे. त्याच आठवड्यात दुसऱ्या दुकानातून चारही टायर नवे घातले. टायरचा पेट्रोलशी काय संबंध, असे वाटून मी ते आधी लिहिले नाही.

मोजूनमापून
संबंध आहे, आणि तोही दुहेरी. नव्या टायरवर साधारण आठ मिलिमीटर नक्षी असते आणि झिजलेल्यावर दोन उरलेली असते. त्रिज्येत सहा, म्हणजे व्यासात बारा मिलिमीटरचा फरक. चाकाचा एकूण व्यास ६०० मिलिमीटर धरला तर दोन टक्के. ओडोमीटर अंतर मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. झिजलेले लहान चाक त्याच अंतराला जास्त फेरे घेत होते, म्हणजे तुमचे आधीचे १७.२ थोडे फुगलेले होते आणि आताचे १४.७ त्याच्या तुलनेत आखडलेले आहेत. एक थेंबही जास्त न जळता ॲव्हरेज दोन टक्क्यांनी घटलेले दिसते ते असे. त्याखेरीज नव्या टायरचा जाड रबर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो-उसळतो, म्हणून त्याचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे चाक फिरताना टायरकडून होणारा विरोध, झिजलेल्या टायरपेक्षा अधिक असतो. हा रेझिस्टन्स दहा टक्क्यांनी वाढला तर इंधनाचा खप साधारण एक ते दोन टक्के वाढतो. टायरवाल्याने हवा किती भरली तेही पाहा. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार चारही चाकांची सरासरी हवा एक पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी झाली की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्याने उतरते.

ज्या गॅरेजने टायरला हातही लावला नाही, त्याच्याकडून तुम्ही हा सगळा हिशेब मागत होतात.

साशंक
टायरचा हिशेब मान्य केला, तरी तो चार-पाच टक्क्यांच्या पुढे जात नाही. घट आहे साडेचौदा टक्के. उरलेले दहा टक्के कोणत्या कावळ्याच्या नावावर घालायचे?

"आपोआप सेट होईल" हे उत्तर तर मला मुळीच पटत नाही. बॅटरी काढली किंवा थ्रॉटल बॉडी साफ केली की इंजिनच्या कंट्रोल युनिटला हवेचा आणि इंधनाचा ताळमेळ नव्याने शिकावा लागतो, हे खरे आहे. पण ते शिक्षण काही फेऱ्यांत आटोपते. दीड हजार किलोमीटरनंतरही तेच कारण सांगणे म्हणजे वेळ मारून नेणे आहे. चेक इंजिनचा दिवा लागला नाही, म्हणून सगळे आलबेल आहे, हा युक्तिवादही तितकाच पोकळ. मागचे एखादे चाक ब्रेकला घासत असेल, तर ते सांगणारा कोणताही सेन्सर बहुतेक गाड्यांत नसतो.

पान्हाधारी
माझा हात या कामात काळा झालेला आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे टोचेल असे लिहितो. ॲव्हरेजची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांकडे आधीची नोंद नसते. "पूर्वी चांगले देत होती" एवढ्यावर आम्ही काय शोधावे? अनेकदा बॅटरी काढल्यामुळे डॅशबोर्डवरची सरासरी शून्यावर आलेली असते आणि नंतरच्या चार छोट्या फेऱ्यांचा आकडा पाहून माणूस घाबरतो. इथे मात्र नोंद आहे, आणि घट इतकी आहे की ती मोजणीच्या चुकीत बसत नाही.

अशा वेळी मी आधी स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कंट्रोल युनिट ठरलेल्यापेक्षा किती कमी-जास्त इंधन सोडत आहे तो आकडा) आणि इंजिनचे तापमान पाहतो. ट्रिम शून्याच्या आसपास असेल आणि गरम झालेले इंजिन ९० अंशांच्या जवळ टिकत असेल, तर हवेची गळती, सैल राहिलेला सेन्सर, उघडा अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिनचे तापमान राखणारी झडप) हे संशयित जवळजवळ सुटतात. मग उरते ती गाडीला मागे ओढणारी गोष्ट. ब्रेक घासत असेल तर इंजिनला ओझे जास्त पडते, पण मिश्रण बिघडत नाही, त्यामुळे ते स्कॅनरवर उमटत नाही. ड्रम उघडून पुन्हा बसवताना आणि त्यावर हँडब्रेकची केबल आवळताना शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारी पट्टी) ड्रमला किंचित टेकलेले राहणे ही आमच्या धंद्यातली नेहमीची चूक आहे, हे मी कबूल करतो. शक्यतो ब्रेक न वापरता दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि थांबल्यावर दोन्ही मागच्या चाकांच्या रिमजवळ हात न्या. हात लावू नका, भाजेल. मग जॅकवर उचलून, हँडब्रेक सोडून, चाक हाताने फिरवून पाहा.

पण "दोष नसल्याचे गॅरेजने दाखवून द्यावे" ही मागणी मला मान्य नाही. जे आम्ही उघडले ते पुन्हा फुकट तपासायला आम्ही बांधील आहोत. संपूर्ण गाडी तपासून सगळ्या जगाचा दोष नाकारत बसणे हे वेगळे काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे होतात.

दूरपल्ला
तपासले. मागचे डावे रिम उजव्यापेक्षा स्पष्टपणे गरम होते आणि जॅकवर ते चाक जेमतेम पाऊण फेरा फिरून थांबत होते. गॅरेजमध्ये नेऊन समोर उभा राहिलो. त्यांनी केबल सैल करून शू पुन्हा बसवले, पैसे घेतले नाहीत, दिलगिरीही व्यक्त केली नाही. नंतरच्या दोन टाक्यांना १६.१ मिळाले. टायरची दोन टक्के दुरुस्ती धरली तर १६.४ होतात.

बिल पुन्हा वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० ग्रेडचे पातळ ऑईल सांगितले आहे आणि घातलेले १०डब्ल्यू-४०, म्हणजे त्याहून जाड आहे. त्यावर "जाड ऑईल इंजिनला चांगले, ते बदलायचे तर पैसे पडतील" असे उत्तर मिळाले.

साशंक
म्हणजे कावळ्यानेच फांदी मोडली होती.

मोजूनमापून
मोठी फांदी मोडली, हे मान्य. पण पहिल्याच दिवशी सगळे खापर गॅरेजवर फोडले असते, तर टायरचा वाटाही त्यांच्याच माथी गेला असता, आणि १६.४ मिळाल्यावरही तुम्ही भांडतच राहिला असता.

पान्हाधारी
ऑईलच्या बाबतीत मी गॅरेजची बाजू घेणार नाही. शिफारशीपेक्षा जाड ऑईलने एक-दोन टक्के जातात, थंड इंजिनावर छोट्या फेऱ्या असतील तर अधिक. पण मुद्दा टक्क्यांचा नाहीच, मॅन्युअलबाहेरचा ग्रेड विचारल्याशिवाय घालायचाच नसतो. मात्र जॉब कार्डवर तो लिहिलेला असताना तुम्ही सही केली असेल, तर पैसे परत मागणे कठीण जाईल. ऑईल बदलून घेणार असाल, तर त्याच दिवशी टायरमधली हवा वाढवू नका. आधी हवा नीट करून दोन टाक्या मोजा, मग ऑईल बदला आणि आणखी दोन मोजा.

दूरपल्ला
हवा आज पाहिली. चारही चाकांत सांगितल्यापेक्षा पाच पीएसआय कमी होती. ती टायरवाल्याच्या खात्यावर.