सीआयडीत पंचनामा कधी बघितलाय का कोणी?

चाळकरी: काल जेवताना परत सीआयडीचे जुने एपिसोड लावले, आईला झोप लागेपर्यंत आमच्याकडे हेच चालतं. दयाने दरवाजा तोडला, आत बॉडी, सगळे घुसले आणि वस्तू उचलायला लागले. पण पंच कुठेयत?? १९९८ पासून चालू, २०१८ ला बंद, डिसेंबर २०२४ ला परत आली, पण कोणी खाली बसून पंचनामा लिहितोय असा एक सीन मला तरी आठवत नाही. एक थप्पड, लगेच कबुली. खरा तपास दाखवणारी सिरीयल सांगा ना, भाषा कुठलीही चालेल.

भायखळा_स्लो: अरे भावा पंचनामा दाखवला तर एपिसोड दोन दिवस संपणार नाही 😂 आणि मुळात नावापासूनच बोंब आहे, राज्य सीआयडीचं मुख्यालय पुण्यात, मुंबईत मर्डर झाला की लोकल पोलीस स्टेशन नाहीतर क्राइम ब्रांचचं युनिट येतं. लॉजिकसाठी बघतो कोण? लोणावळ्याला शूट केलेला २००४ चा तो १११ मिनिटांचा एपिसोड बघ, अख्खा एका शॉटमध्ये, गिनीजमध्ये गेला होता. बाकी सगळं माफ.

काळा_कोट: माफ कसलं. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही, आधी एव्हिडन्स ॲक्टचं कलम २५ होतं, आता साक्ष अधिनियमात २३. म्हणजे एसीपी साहेब "फाँसी होगी" म्हणतात तो आरोपी कोर्टात शब्द फिरवून आरामात घरी. हां, त्याने सांगितलेल्या जागेवरून सुरा निघाला तर तेवढं धरतात, आणि तिथेच पंच लागतात. लॉ अँड ऑर्डर ही अमेरिकन सिरीयल बघा, १९९० ची, अर्धा भाग पोलीस अर्धा कोर्ट. पहिल्या अर्ध्यात पोलिसांनी घाई केली की दुसऱ्या अर्ध्यात जज पुरावाच उडवतो, माझ्यासारख्या वकिलाला ते बघताना जाम मजा येते.

शिवडीकर: मी पंच होतो एकदा. सकाळी दूध आणायला उतरलो, हवालदार म्हणाला साहेब पाच मिनिटं या. साडेतीन तास!! दहा बाय दहाची खोली, मे महिना, आणि पंखा बंद, कारण लाख वितळवायला लावलेली मेणबत्ती विझत होती. एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक मोबाईल, दोन्ही वेगवेगळ्या पाकिटात, वर दोरा, दोऱ्यावर लाख, लाखेवर सील, मग लेबलवर माझी सही. तो जळका वास दोन दिवस शर्टाला होता. सहा वर्षांनी कोर्टाचं समन्स, आणि आरोपीचा वकील विचारतो सही निळ्या पेनाने केली की काळ्या. अहो मला लग्नाची तारीख आठवत नाही! काळा कोट, तुमची लोकं असं का करतात?

काळा_कोट: 😄 कारण चुकलात की पंचनाम्यावर शंका घेता येते. आता जुलै २०२४ पासून झडतीचं व्हिडिओ शूटिंग करायचं असतं, पण पंच आहेतच, सुटका नाही.

चाळकरी: आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय दुधाचं काय झालं?

शिवडीकर: नासलं. काकूंना सांगा, चहा मात्र दिला त्यांनी, काळा.