मदत हवी आहे: १९५१ च्या शेवरोले ट्रकचा फ्यूएल गेज कायम फुलच्या पुढे

मंडळी नमस्कार, जुन्या गाड्यांच्या वायरिंगमधलं कोणाला कळत असेल तर जरा वाट दाखवा. गाडी शेवरोले ३१००, १९५१ ची, तीच ती सीटच्या मागे केबिनमध्येच टाकी असलेली. रिस्टोरेशन जवळपास उरकलंय, म्हणजे सगळं खोलून रंग, टाकी आतून साफ करून बाहेरून पावडर कोटिंग, वायरिंग पूर्ण नवं, आणि मूळची ६ व्होल्टची सिस्टिम काढून १२ व्होल्टची केलीय, त्यासाठी गेजच्या आधी व्होल्टेज ड्रॉपर (व्होल्टेज कमी करणारा भाग) पण टाकलाय. जुन्या सेंडरच्या (टाकीतली पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा भाग) फ्लोटला (त्याचा पेट्रोलवर तरंगणारा डबा) भोक पडून त्यात पेट्रोल भरलेलं, म्हणून सेंडर नवा बसवला.

आता चावी फिरवली की काटा सुसाट फुलच्या पण पुढे जाऊन खिळ्याला टेकतो. टाकीत लाकडी पट्टी घालून बघितलं, पेट्रोल अगदी तळाला आहे, तरी काटा तिथेच. मधेच खड्ड्यात आदळली की खाली येतो, थरथरतो, परत वर. एक जण म्हणतो गेज गेला, दुसरा म्हणतो १२ व्होल्टने जळला. मूळ गेज काढून डुप्लिकेट लावायचं जिवावर आलंय हो, डायलवरचे आकडे अजून कोरे करकरीत आहेत. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद:
गेजला सध्या हात लावू नका. १२ व्होल्टवर ड्रॉपर लावलात ते बरंच केलंत, नाहीतर कॉइल तापते, पण काटा वर अडकायचं कारण ते नाही. ह्या गेजमध्ये दोन कॉइल असतात, दोघी काट्याला आपापल्या बाजूला ओढतात आणि कोण जास्त ओढणार ते सेंडर ठरवतो. तुमच्या गाडीला सेंडर ० ते ३० ओहमचा (ओहम म्हणजे विजेच्या रोधाचं माप) लागतो, ० म्हणजे रिकामी, ३० म्हणजे भरलेली. वायर तुटली किंवा सेंडरचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे चासीच्या लोखंडाशी विजेची जोड) गेला तर करंटला रस्ताच राहत नाही आणि गेजला वाटतं टाकी तुडुंब आहे. तुमचं लक्षण हुबेहूब हेच.
चावी बंद करा, सेंडरवरची वायर काढा, तिला लांब जंपर लावून टाकीपासून दूर चासीला (गाडीचा लोखंडी सांगाडा) अर्थ करा, मग चावी चालू. काटा एम्प्टीवर आला तर गेज आणि वायर दोन्ही ठणठणीत. दारं खिडक्या उघड्या ठेवा, टाकी केबिनमध्ये आहे, पेट्रोलचा वास साचलेला असताना ठिणगी नको.

प्रतिसाद:
उलटं सांगताय का? माझ्याकडे वायर अर्थ केली की काटा फुलवर जातो.

प्रतिसाद:
तुमची फोर्ड असणार. बऱ्याच जुन्या फोर्डमध्ये रिकामी ७३ ओहम आणि भरलेली १०, म्हणून तिथे सगळं उलटं.

धागाकर्ता:
करून बघितलं. वायर अर्थ केल्यावर काटा गुपचूप एम्प्टीवर. मग वायर सुटीच ठेवून मल्टिमीटर लावला, सेंडरच्या टर्मिनलपासून त्याच्याच फ्लँजपर्यंत (टाकीवर स्क्रूने बसणारी चकती) ४ ओहम, पण टर्मिनलपासून चासीपर्यंत आकडा नाचतोच आहे, कधी कधी तर काहीच दाखवत नाही.

प्रतिसाद:
मग मिळाला की चोर. सेंडर नीट आहे, त्याला परतीचा रस्ता नाही. पूर्वी टाकीचा पत्रा, पट्टे, बोल्ट सगळं उघड्या लोखंडाने एकमेकांना चिकटलेलं असायचं, अर्थ आपोआप मिळायचा. आता टाकीवर पावडर कोटिंग, पट्ट्यांखाली रबर, सेंडरखाली गॅस्केट, जिकडेतिकडे नवा रंग. गाडी जितकी चकाचक तितका हा त्रास जास्त.
कोटिंग खरवडत बसू नका. फ्लँजच्या एका स्क्रूखाली रिंग टर्मिनल लावून वेगळी वायर ओढा, दुसरं टोक चासीच्या बोल्टला, तिथला रुपयाएवढा रंग घासून पत्रा उघडा करा आणि दातेरी वॉशर टाका. वर थोडं ग्रीस फासा म्हणजे गंज धरणार नाही. काम करताना बॅटरीची मायनस काढलेली बरी.

प्रतिसाद:
एक जोडतो. नवा सेंडर खरंच ३० वालाच आहे ना बघा, १९६५ पासूनच्या जीएम (जनरल मोटर्स, शेवरोलेचीच कंपनी) गाड्यांचा ० ते ९० ओहमचा असतो. तो चुकून आला तर टाकी एक तृतीयांश भरली की काटा फुलवर, आणि परत इथेच येऊन विचाराल.

धागाकर्ता:
वायर ओढली आणि चावी फिरवताच काटा एम्प्टीच्या जरा वर येऊन शांत बसला, खड्ड्यात पण हलत नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. नंतर टाकी गळ्यापर्यंत भरली तर काटा फुलच्या थोडा अलीकडे थांबतोय, मल्टिमीटर सेंडरवर २६ ओहम दाखवतो. म्हणजे ३० वालाच आहे असं धरतो. हे कसं जुळवू?

प्रतिसाद:
फ्लोट वरपर्यंत पोचत नाहीये, दांडा किंचित वाकवून जमेल. पण वर नेलात की तळाचं रीडिंग पण वर सरकतं, काटा थोडं शिल्लक दाखवेल आणि गाडी बंद पडलेली असेल. माझं ऐकाल तर तसाच ठेवा, फुल कमी दाखवलं तर कोणाचं काही बिघडत नाही.