दिवाळीआधी किचन काढायचंय: आधी घासाघाशी का आधी फराळ? टाईल्स, एक्झॉस्ट, कडप्पा सगळंच चिकट

एरंडोलची_सून
नमस्कार सगळ्यांना. आमचं किचन जुनं आहे, चिमणी नाही, फक्त एक्झॉस्ट फॅन. घरात शेवभाजीची फोडणी दोन दिवसाआड असते आणि आता थंडी लागली की भरीत सुरू होईल, त्यामुळे गॅसमागच्या पांढऱ्या टाईल्स पिवळ्या पडल्यात आणि हात लावला की चिकटतोय, फॅनच्या पात्यांवर तर तेल आणि धूळ मिळून काळा लगदा बसू राहिलाय. ओटा कडप्प्याचा, त्यावर नळाच्या पाण्याचे पांढरे डाग, बोअरचं पाणी आहे आमच्याकडे. माळ्यावर सासूबाईंची पितळी भांडी आणि मांडे भाजायचं मातीचं खापर, तेही खाली काढायचंय. कामाला येणाऱ्या मावशी सध्या कापूस वेचायला जातात म्हणजे सगळं मला आणि जाऊबाईंनाच करायचंय, दोघींनाही सकाळची ड्युटी. सासूबाई म्हणतात वसुबारसच्या आत किचन लख्ख पाहिजे, जाऊबाई म्हणतात तळण झाल्याशिवाय भिंतीला हातच लावू नका. कुठून सुरू करू? आणि हो, झुरळं पण आहेत 🙏

धुळ्याची_माई
अगं बाई दोघींचंही बरोबर आहे, फक्त काम दोन भागात तोड. माळा, डबे, मांडणी, फ्रीज हे सगळं फराळाच्या आधी. गॅसमागची भिंत, एक्झॉस्ट आणि ओटा हे तळण संपल्यावर. चकल्या, शेव, अनारसे तळले की तेलाची वाफ परत त्याच टाईल्सवर बसते मग आधी घासून काय मिळालं? सासूबाईंना नीट सांग की वसुबारसला तळण उरकलेलं असेल आणि भिंतही धुतलेली असेल, त्यांना तेच हवंय. जमलं तर शेगडी मागच्या अंगणात नेऊन तळा, आमच्याकडे दरवर्षी तसंच करतो, घरात वास पण राहत नाही.

डबे आत्ताच काढ, ऑक्टोबरचं ऊन फुकट मिळतंय. पावसाळ्यात गहू-डाळींना भुंगे-सोंडे लागलेले असतात, धान्य चाळून उन्हात टाक आणि डबे धुवून दिवसभर उन्हात पालथे नको, उताणे ठेव, आतला ओलावा जायला पाहिजे. झाकणाच्या खाचेत बोट घालून बघ, किडे तिथेच लपतात. कडुनिंबाचा पाला टाकणार असशील तर पूर्ण वाळलेला, ओला पाला टाकला तर धान्याला बुरशी येते.

आता टाईल्स. धुण्याचा सोडा आण किराणा दुकानातून, खायचा नाही. अर्धी बादली कडक पाण्यात दोन मोठे चमचे सोडा आणि थोडा भांड्याचा साबण. जुना टॉवेल त्यात बुडवून पिळून सरळ भिंतीला चिकटव आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. नुसतं पाणी मारलं तर ओघळून खाली जातं, टॉवेलमुळे सोडा तेलावर बसून राहतो आणि तेलाचा साबण होतो, मग प्लास्टिकच्या पट्टीने ओढलं की थर वडीसारखा निघतो. तारेचा घासणा लावू नकोस, टाईलचं पॉलिश गेलं की पुढच्या वर्षी दुप्पट चिकट होईल. हातात ग्लोव्हज घालच, सोड्याने कातडी सोलते. आणि ॲल्युमिनियमच्या कढया, डबे या पाण्यात बुडवू नकोस, काळे पडतील.

भुसावळ_वायरमन
ताई, एक्झॉस्टचं सांगतो. आधी मेन स्विच बंद, फक्त फॅनचं बटण बंद करून चालणार नाही. पाती आणि जाळी काढून वेगळी धुवा. पाती प्लास्टिकची किंवा लोखंडी असतील तर माईंचा सोडा चालेल, ॲल्युमिनियमची असतील तर फक्त गरम पाणी आणि भांड्याचा साबण. मोटरवर पाण्याचा थेंब नको, कोरड्या ब्रशने धूळ काढा आणि पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसा. सगळं पूर्ण वाळल्यावरच बसवा. पाती बसवताना हाताने फिरवून बघा, जाळीला घासत असेल तर आवाज करेल आणि मोटर तापेल.

दुसरं, कडप्पा. हे मी कळकळीने सांगतोय. पांढरे डाग दिसले की लोक लिंबू, व्हिनेगर, लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड) घासायला लागतात. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंबट त्याला खातं. आमच्या शेजारच्यांनी टॉयलेटचं ॲसिड मारलं ओट्यावर, डाग गेले पण काळा दगड राखाडी झाला तो झालाच, परत पॉलिशवाल्याला बोलवावं लागलं. कडप्प्याला फक्त साबणपाणी, नायलॉनचा ब्रश, पुसून कोरडा, आणि शेवटी खोबरेल तेलाचा पुसट हात. लिंबाचं फूल स्टीलच्या नळाला आणि सिंकला वापरा, तिथे क्षार छान निघतात, फक्त ओट्यावर सांडू देऊ नका. आणि ब्लीचिंगच्या पाण्यात ॲसिड किंवा व्हिनेगर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन गॅस होतो, बंद किचनमध्ये जीवावर बेतेल.

चाळीसगावची_वहिनी
बर्नरचं कोणीच बोललं नाही! भरीत करणाऱ्या घरात खरी घाण तिथे असते. वांगं गॅसवर भाजताना त्याचा रस आणि जळकं साल बर्नरच्या भोकात जाऊन बसतं, मग ज्योत पिवळी येते आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरते. आधी सिलेंडरचं रेग्युलेटर बंद कर. पितळी बर्नर चिंचेच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेव, एकेक भोक सुईने मोकळं कर, धुवून उन्हात कडक वाळव, ओला बर्नर लावला की ज्योत फडफडते. भरीत तुरकाठ्यांवर बाहेर भाजलं तर हे सगळं वाचतं आणि चव तर काय सांगावी, पण शहरात काठ्या कुठून आणणार.

गॅस बाजूला सरकवलेलाच असेल तर पाईप बघून घे. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदलायची. जोडाजवळ साबणाचा फेस लाव, बुडबुडे आले तर गळती. गॅसचा वास आला तर बटणं-दिवे काही लावू नका, खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा, चोवीस तास चालू असतो.

एरंडोलची_सून
माई, भाऊ, वहिनी खूप खूप आभार, लिंबाचं फूल आणूनच ठेवलं होतं ओट्यासाठी, आता फक्त नळाला लावते. जाऊबाईंना धागा पाठवला, तळण रविवारी अंगणात ठरलंय. खापर कसं धुवू? आणि झुरळांचं?

धुळ्याची_माई
खापराला साबण अजिबात नको, माती साबण पिऊन घेते आणि पहिल्या मांड्याला वास येतो. कोरड्या फडक्याने पुस, लागलंच तर नुसत्या पाण्याचा हात फिरव, दोन दिवस उन्हात ठेव आणि चुलीवर मंद जाळावर हळूहळू तापव, एकदम मोठा जाळ केला तर तडकेल. पितळी भांड्यांना बाहेरून चिंच-मीठ, लगेच धुवून पुसून घे नाहीतर हिरवट डाग पडतात, आतून कल्हई असेल तर तार लावू नकोस.

झुरळांना बाजारातलं जेल, बिजागरीत आणि सिंकखाली ठिपके ठिपके लाव, पण भिंत-ओटा धुवून झाल्यावर, आधी लावलं तर पाण्यात जाईल. त्याच जागी स्प्रे मारू नकोस, स्प्रेच्या वासाने ती जेलकडे फिरकतच नाहीत. बोरिक पावडरच्या गोळ्या करणार असशील तर लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणीच. आणि रात्री खरकटी भांडी सिंकमध्ये ठेवायची नाहीत, घासूनच झोपायचं, जेल असो नसो.