मदत हवी आहे : जिरग्यात (पश्तून पंचायतीत) जप्त झालेली मचलगा (तारण) जाते कोणाकडे?
पश्तूनवलीचे, म्हणजे पश्तूनांच्या पारंपरिक रीतिनियमांचे जाणकार इथे आहेत, म्हणून विचारतो. वैर थांबवायला आधी तीगा, म्हणजे ठरावीक मुदतीची शस्त्रबंदी. मग दोन्ही पक्ष जिरग्याला ‘वाक’ (निवाड्याचा अधिकार) देतात आणि मचलगा, म्हणजे रोकड किंवा बंदुका तारण ठेवतात. वाक न घेता दिलेला निवाडा पक्षांवर बंधनकारक नसतो. बहुधा फिसकटतं ते इथेच. ननवाते (माफी मागण्याची प्रथा) वेगळं, तिथे अपराधी पक्ष मेंढा घेऊन स्वतःच शत्रूच्या दारी जातो.

वझिरिस्तानात (पाकिस्तानातल्या अफगाण सीमेवरच्या पश्तून भागात) निवाडा मोडणाऱ्याची मचलगा समोरच्या पक्षाला मिळते की जिरग्याला? २०१८ मध्ये हा आदिवासी भाग खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला, तिथला १९०१ चा सरहद्द गुन्हे कायदाही गेला. त्यानंतर या तारणाचा वाद कोर्टात टिकतो का? ‘परंपरेने ठरतं’ एवढंच नको, कोणत्या जमातीत काय चालतं तेही सांगा.