गिटारसाठी स्वतःचे इफेक्ट पेडल बनवायचे आहे: सुरुवात कोणत्या सर्किटपासून करावी?

प्रश्न

मी अनेक वर्षांपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि आता पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची डबी) विकत घेण्याऐवजी एखादे स्वतःच्या हाताने बनवून पाहण्याची मनापासून इच्छा आहे. सोल्डरिंग आयर्न आणि साधा मल्टिमीटर माझ्याजवळ आहे. इलेक्ट्रॉनिक्सचे ज्ञान मात्र शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमापलीकडे गेलेले नाही. तयार किट घ्यावे की सुटे भाग जमवावेत, पहिले सर्किट फझचे (खरखरीत, फाटका आवाज) असावे की ओव्हरड्राइव्हचे (त्याहून सौम्य फाटका आवाज), आणि सर्किटची आकृती समजून घेण्यासाठी किती गणित यावे लागते, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

माझा आग्रह एकाच ट्रान्झिस्टरच्या बूस्टरपासून, म्हणजे सिग्नल फक्त मोठा करणाऱ्या सर्किटपासून, सुरुवात करण्याचा आहे, आणि तोही आधी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग भोकांत खोचून जोडण्याची पाटी). इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या कंपनीचा एलपीबी-१ हा १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेला बूस्टर यासाठी उत्तम आहे. त्यात एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि आवाजाचे एक पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) एवढेच भाग असतात, त्यामुळे प्रत्येक भाग कशासाठी आहे हे एका बैठकीत समजू शकते.

ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर असे तीन पाय असतात. ४३० किलो-ओहम आणि ४३ किलो-ओहम हे दोन रेझिस्टर ९ व्होल्टची विभागणी करून ट्रान्झिस्टरच्या बेसला सुमारे पाऊण व्होल्ट पुरवतात. कलेक्टरवर १० किलो-ओहम आणि एमिटरवर ३९० ओहम असतो, आणि या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे ढोबळमानाने आवाजाची वाढ: सुमारे पंचवीस पट. गिटार जोडण्यापूर्वी कलेक्टरवरचा विद्युतदाब (व्होल्टेज) मोजावा. तो ४ ते ६ व्होल्टच्या दरम्यान आला, तर सिग्नलला वर आणि खाली दोन्हीकडे हलायला जागा आहे असे समजावे.

यानंतर खरे शिक्षण सुरू होते. आत येणाऱ्या सिग्नलच्या वाटेवरचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून तेथे ०.०१ चा लावावा आणि तीच धून पुन्हा वाजवावी. बूस्टरचा इनपुट रोध (आत येणाऱ्या सिग्नलला दिसणारा रोध) सुमारे ३० किलो-ओहम धरला, तर पहिला कपॅसिटर साधारण ५३ हर्ट्झच्या खालचे स्वर कमी करतो आणि दुसरा साधारण ५३० हर्ट्झच्या खालचे. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, त्यामुळे दुसऱ्या कपॅसिटरने तिचा भरदारपणा जातो आणि आवाज बारीक, धारदार होतो. हा फरक एकदा कानांनी ऐकला की त्यामागचे सूत्र, म्हणजे वारंवारता = १ ÷ (२ × π × रोध × धारिता), लक्षात ठेवण्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. गणित एवढे आले तरी पहिल्या वर्षाला पुरते.

मग आउटपुटच्या कपॅसिटरनंतर, सिग्नल आणि ग्राउंड (सर्किटचा शून्य व्होल्टचा बिंदू) यांच्यामध्ये १एन४१४८ जातीचे दोन डायोड एकमेकांना उलटे लावावेत. सिग्नलची शिखरे सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्टला कापली जातात आणि त्याच बूस्टरचे डिस्टॉर्शन (फाटका आवाज देणारे सर्किट) होते. डायोडांच्या जागी लाल एलईडी लावले तर कापणी पावणेदोन व्होल्टच्या आसपास होते, म्हणून आवाज मोठा आणि मोकळा राहतो. जर्मेनियमचे डायोड ०.३ व्होल्टच्या सुमारासच कापू लागतात. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे फझ मात्र लगेच करू नये, कारण ते तापमानाबरोबर बदलतात आणि दोन ट्रान्झिस्टर मोजून निवडावे लागतात.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त पेडल बंद पडण्याची कारणे सर्किटपेक्षा डबीच्या आतल्या जोडण्यांमध्येच अधिक सापडतात, हे नवख्यांना कोणी सांगत नाही, म्हणून थोडे लिहितो.

पेडलांच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये मधली पिन ऋण आणि बाहेरचे कडे धन असते. माझ्या पहिल्या पेडलमध्ये मी धातूच्या अंगाचा पॉवर जॅक अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत बसवला होता. डबी ग्राउंडला जोडलेली आणि जॅकचे अंग धन, त्यामुळे नट आवळताक्षणी शॉर्ट झाले आणि अ‍ॅडॉप्टर कायमचा गेला. प्लास्टिकच्या अंगाचा जॅक घेतला की ही भानगड उरत नाही.

बॅटरीही ठेवणार असाल तर इनपुटला स्टीरिओ जॅक वापरावा आणि बॅटरीची ऋण तार त्याच्या मधल्या कड्याला जोडावी. गिटारची मोनो पिन आत गेली की ते कडे ग्राउंडला टेकते आणि पेडल चालू होते, पिन काढली की बॅटरीचा खर्च थांबतो. नऊ पायांच्या फूटस्विचला डाग देताना प्रत्येक पायावर दोन-तीन सेकंदांहून अधिक वेळ आयर्न टेकवू नये, कारण आतले प्लास्टिक वितळून स्विच अडकतो.

आवाज कोठे हरवतो हे शोधण्यासाठी एक साधन स्वतःच तयार करावे. अ‍ॅम्पला जाणाऱ्या केबलच्या टोकाच्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, केबलची जाळी सर्किटच्या ग्राउंडला लावावी, आणि कपॅसिटरचा मोकळा पाय इनपुटपासून पुढे एकेका बिंदूला टेकवत जावे. जेथे आवाज थांबतो, त्याच्या लगेच आधी दोष असतो.

तिसरे उत्तर

मी थोडे वेगळे सुचवते. पहिले पेडल किटमधूनच करावे, कारण त्यात छापील बोर्ड आणि भोके पाडलेली डबी मिळते आणि दोष आलाच तर तो आपल्या डागात किंवा भाग उलटा लावण्यात आहे, एवढे तरी निश्चित असते. ब्रेडबोर्डवरच्या सैल तारांमुळे येणारी खरखर पाहून नवखा माणूस आपलेच सर्किट चुकले असे समजतो.

एक सूचना सर्वांसाठी: ९ व्होल्टच्या पेडलमध्ये हात घालायला हरकत नाही, परंतु याच उत्साहात व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प उघडू नये. त्यातील कपॅसिटरांमध्ये वीज काढल्यानंतरही शेकडो व्होल्टचा दाब राहू शकतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मी बूस्टर ब्रेडबोर्डवर जोडला. आवाज येतो, पण अगदी क्षीण आणि फाटका, आणि कलेक्टरवर ८.३ व्होल्ट दिसतात. आकृतीत २एन३९०४ हा ट्रान्झिस्टर होता. माझ्याजवळ बीसी५४९ होता, म्हणून तो चपटी बाजू त्याच दिशेला ठेवून लावला. बाकी सर्व जोडण्या दोनदा तपासल्या आहेत.

पहिले उत्तर देणारे

दोष तेथेच आहे. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर २एन३९०४ मध्ये डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असा क्रम असतो आणि बीसी५४९ मध्ये कलेक्टर, बेस, एमिटर असा. बेस दोन्हींत मध्येच असल्यामुळे तुमचा ट्रान्झिस्टर उलटा चालत आहे, आणि उलट दिशेने त्याची वाढ नगण्य असते. तो फिरवून लावा, पण शक्य असल्यास नवाच घ्या. एमिटर-बेस सांध्याला पाच-सहा व्होल्टपेक्षा जास्त उलटा दाब मिळाला, तर ट्रान्झिस्टर चालत राहतो परंतु त्याची वाढ घटते आणि खरखर वाढते.

प्रश्नकर्ता

नवा ट्रान्झिस्टर योग्य दिशेने लावला. कलेक्टरवर आता ५.१ व्होल्ट आहेत आणि अ‍ॅम्पचा आवाज निम्म्याहून खाली आणावा लागला. ०.०१ चा कपॅसिटरही लावून पाहिला. जाड तारेवरचा ठोका खरोखर पातळ झाला. उद्या डायोड लावणार आहे, आणि ते जमले की डबीकडे वळेन. प्लास्टिकच्या अंगाचा जॅक आजच मागवून ठेवला आहे.